सहा जुने संगणक, १४ जीबी मराठी मजकूर आणि जावातून स्पार्क: सुरुवात कुठून करावी?

कुळागर | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात संगणक शिकवतो. यंदा लॅबमध्ये नवे संगणक आले आणि सहा जुने बाजूला पडले. चार कोअर, ८ जीबी रॅम, सगळ्यांवर उबुंटू. भंगारात द्यायला मन होत नाही.

गेली काही वर्षं मी मराठी मजकूर जमवतोय. मराठी विकिपीडिया, कॉमन क्रॉलमधून (इंटरनेटवरच्या पानांचा खुला साठा) वेगळी काढलेली मराठी पानं, असं सगळं मिळून १४ जीबी झालंय. त्यातला कुठला शब्द किती वेळा येतो याची यादी मला हवी आहे. कारण अगदी घरचं आहे. मुलं मराठीत निबंध टाइप करतात आणि कुळागर (नारळ-पोफळीची बाग), पाडेली (नारळ पाडणारा), माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची आरास), चवथ (गणेश चतुर्थी) या शब्दांखाली लाल रेघ येते. मुलांना वाटतं आपलं मराठी चुकीचं आहे. शब्दतपासणीसाठी आपली यादी करायची तर आधी आकडे हातात हवेत.

जावा मी दहा वर्षं शिकवतोय. स्पार्क म्हणजे एक काम अनेक संगणकांवर वाटून करणारी प्रणाली. तिचं शब्द मोजायचं तयार उदाहरण चालवून पाहिलं, चाललं. पण त्यात नेमकं काय घडतं ते कळलं नाही, त्यामुळे पुढे पाऊल पडत नाही. हडूप ही तशीच जुनी प्रणाली आधी शिकावी लागेल का? स्काला या प्रोग्रॅमिंग भाषेशिवाय भागेल का? आणि सहा संगणक एकमेकांना जोडायचे कसे?

अबोली | सोमवार, रात्री १०.१५

सर, आधी एक विचारते. सहा संगणक खरंच लागणार आहेत का? मजकूर १४ जीबी असला तरी वेगवेगळे शब्द त्या मानाने फार कमी असतात. फाइल ओळीओळीने वाचत गेलात आणि एका हॅशमॅपमध्ये (शब्द आणि त्याचा आकडा जोडीने ठेवणारा तक्ता) मोजत गेलात तर साध्या जावा प्रोग्रॅमने एकाच संगणकावर हे काम उरकेल. मी मडगावला कॉलेजात हेच शिकवते. कामाला स्पार्क लागतच नव्हतं, हे मुलांच्या अर्ध्या प्रकल्पांत शेवटी कळतं.

यादीच हवी असेल तर हॅशमॅप घ्या. शिकायचं आणि शिकवायचं असेल तर स्पार्क जरूर घ्या, पण पहिले आठ दिवस एकाच संगणकावर.

कुळागर | सोमवार, रात्री १०.३२

ताई, दोन्ही हवंय. यादी मिळेलच, पण बारावीच्या मुलांना 'एक काम अनेक संगणकांनी वाटून घेणं' डोळ्यांनी दाखवायचंय. पुस्तकातल्या आकृतीतून ते कळत नाही.

पर्वरी_पठार | मंगळवार, सकाळी ७.०५

मी बारा वर्षं याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हडूप आधी शिकायची गरज नाही. गूगलच्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी २००४ साली मॅपरिड्यूसची, म्हणजे काम तुकड्यांत वाटून निकाल एकत्र करायची, पद्धत मांडली, तिच्यावरून हडूप उभं राहिलं. हडूप प्रत्येक टप्प्याचा निकाल डिस्कवर लिहून मग पुढे जातं. तो मधला डेटा शक्यतो मेमरीत ठेवता यावा म्हणून मातेई झहारिया यांनी २००९ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात स्पार्कचं काम सुरू केलं. स्पार्क लिहिलंय स्कालात, पण चालतं जेव्हीएमवरच (जावा प्रोग्रॅम ज्यात चालतो ते आभासी यंत्र), त्यामुळे तुमचं जावा पुरतं. एक त्रास मात्र होईल. फ्लॅटमॅपला (एका ओळीचे अनेक शब्द करणारी मेथड) लॅम्डा, म्हणजे बिननावाचं छोटं फंक्शन, दिलात की कंपायलर गोंधळतो, कारण त्याच नावाची मेथड स्कालासाठी एक आणि जावासाठी एक अशा दोन आहेत. लॅम्डाच्या आधी फ्लॅटमॅपफंक्शन असं कास्ट करा आणि एन्कोडर (डेटा कुठल्या प्रकारचा ते स्पार्कला सांगणारा) द्यायला विसरू नका.

आवृत्तीचंही आत्ताच बघून घ्या. स्पार्क ४ ला जावा १७ किंवा २१ लागतं. स्पार्क ३.५ हे जावा ८, ११ आणि १७ वर चालतं. सहाही संगणकांवर जावा आणि स्पार्क तंतोतंत एकच ठेवा.

आता तुमचं पाऊल कुठे अडतंय त्याबद्दल. जावात आपण ऑब्जेक्ट बनवतो, त्याचा रेफरन्स या मेथडला देतो, त्या मेथडला देतो, आणि सगळे त्याच एका ऑब्जेक्टला हात लावतात. एकाने बदल केला की दुसऱ्याला दिसतो. हा भरवसा आपल्या अंगात इतका मुरलेला असतो की तो भरवसा आहे हेही लक्षात राहत नाही. स्पार्कमध्ये तो सोडावा लागतो. तुमचा मुख्य प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. तो एका जेव्हीएममध्ये असतो. प्रत्यक्ष राबणारे एक्झिक्युटर दुसऱ्या संगणकांवर आपापल्या जेव्हीएममध्ये असतात. तुमच्या लॅम्डाने ज्या ज्या ऑब्जेक्टला हात लावला त्याची नक्कल होते, ती बाइट्समध्ये बदलून केबलवरून जाते आणि पलीकडे नव्याने उभी राहते. पलीकडे त्या नकलेचं काय झालं ते मूळ ऑब्जेक्टला कधीच कळत नाही.

दूरचा ऑब्जेक्ट जवळच्यासारखाच वापरता येईल अशी आशा फार जुनी आहे. १९९४ मध्येच सन मायक्रोसिस्टिम्समधल्या जिम वाल्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहून ठेवलं की हे दोन एकसारखे मानून चालणारच नाही. लागणारा वेळ वेगळा, मेमरी वेगळी, आणि अर्धी यंत्रणा बंद पडून अर्धी चालू राहण्याचा प्रकार तर एका संगणकावर नसतोच. स्पार्कने ती आशा धरली नाही. डेटा जिथे असेल तिथे काम पाठवायचं आणि निकाल तेवढा मागवायचा, असा त्याचा बेत आहे.

तुम्ही कुळागर हे नाव घेतलंय, तर उदाहरणही तिथलंच देतो. समजा तुमची चार भाटं (नारळाच्या बागा) आहेत आणि एकाच दिवशी चारही ठिकाणी पाडेली चढलेत. मोठे, मध्यम आणि बारीक नारळ किती पडले ते तुम्हाला हवंय. एक रीत अशी की सगळे नारळ टेम्पोत भरून घरी आणायचे, अंगणात तीन ढीग घालायचे आणि मोजायचे. दुसरी रीत अशी की प्रत्येक भाटात तिथल्या तिथे ढीग घालून मोजायचे आणि घरी फक्त चिठ्ठी पाठवायची: मोठे २१०, मध्यम ३४०, बारीक ९५. घरी चार चिठ्ठ्यांची बेरीज. आरडीडीवर (स्पार्कमधला वाटून ठेवलेला डेटा) ग्रुपबायकी वापरून मग मोजणं ही पहिली रीत, रिड्यूसबायकी ही दुसरी. तुम्ही डेटासेट (आरडीडीचंच नवं रूप) वापरून ग्रुपबाय आणि लगेच काउंट केलंत तर स्पार्क आपण होऊनच चिठ्ठ्या बनवतो. चिठ्ठ्या एकमेकांकडे जाण्याच्या या टप्प्याला शफल म्हणतात. सगळ्यात महाग टप्पा तोच, कारण तेव्हा केबलवर गर्दी होते.

अजून एक. फ्लॅटमॅप, फिल्टर लिहिलंत म्हणून लगेच काही चालू होत नाही. ती फक्त कामाची नोंद. काउंट, कलेक्ट किंवा फाइलमध्ये लिहिणं यांपैकी काही मागितलंत की मग चाकं फिरतात. वेळ मोजताना मुलं इथेच फसतात.

मास्टरच्या (कामाची वाटणी करणारा संगणक) जागी लोकल लिहून चौकोनी कंसात तारा (*) दिलात की तुमच्या एका संगणकाचे सगळे कोअर वापरले जातील. तिथून सुरुवात करा.

डिचोलीचा_विद्यार्थी | गुरुवार, दुपारी ४.२०

नमस्कार. मी कुळागर सरांचा जुना विद्यार्थी, सध्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अधूनमधून जाऊन सरांना मदत करतो. काल दोन संगणक जोडून पाहिले. एकूण ओळी किती ते मोजायला मी क्लासमध्ये एक स्टॅटिक काउंटर ठेवला होता आणि फोरईचमध्ये तो वाढवत होतो. लोकलमध्ये आकडा जवळपास बरोबर येतो, थोड्या ओळी कमी. दोन संगणकांवर तोच प्रोग्रॅम चालवला तर शून्य! एरर नाही, काही नाही. मी तीन तास फाइलचा रस्ता चुकला का तेच शोधत बसलो.

पर्वरी_पठार | गुरुवार, संध्याकाळी ६.१०

वर लिहिलं ते हेच. लोकलमध्ये ड्रायव्हर आणि काम करणारे थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) एकाच जेव्हीएममध्ये असतात, म्हणून स्टॅटिक एकच असतो. थोड्या ओळी कमी, कारण चार थ्रेड एकाच वेळी तो वाढवतात आणि एकमेकांची बेरीज पुसतात. दोन संगणकांवर प्रत्येक जेव्हीएमचा स्टॅटिक वेगळा. तिकडचे काउंटर लाखांत गेले असतील, पण तू छापलास तो ड्रायव्हरचा, आणि त्याला कोणी हातच लावला नव्हता.

यासाठी ॲक्युम्युलेटर असतो. लाँगॲक्युम्युलेटर घे. एक्झिक्युटर त्यात भर घालतात, ड्रायव्हर ती वाचतो.

कुळागर | शनिवार, दुपारी १.०५

'टास्क नॉट सिरियलायझेबल', म्हणजे याचे बाइट्स करून पाठवता येत नाहीत, असा एरर येतोय. शब्द साफ करायची मेथड मी माझ्याच मुख्य क्लासमध्ये ठेवलीय. त्या क्लासला सिरियलायझेबल केलं तरी तोच एरर.

अबोली | शनिवार, दुपारी २.४०

सर, लॅम्डातून तुम्ही क्लासची साधी मेथड बोलावलीत की तिच्याबरोबर 'धिस' म्हणजे अख्खा ऑब्जेक्ट ओढला जातो. त्या ऑब्जेक्टमध्ये प्रिंटरायटर किंवा स्पार्क कॉन्टेक्स्ट फील्ड म्हणून असेल तर त्याची नक्कल निघत नाही, आणि सगळंच अडतं. साफसफाईची मेथड वेगळ्या छोट्या क्लासमध्ये काढा आणि स्टॅटिक करा. तिला बाहेरचं काही लागत नाही, मग बाहेरचं तिच्याबरोबर कशाला जावं? मी मुलांना हेच विचारते की या लॅम्डाच्या पिशवीत नेमकं काय काय जातंय ते बोटावर मोजून सांगा.

कुळागर | शनिवार, संध्याकाळी ५.३०

चाललं! सव्वा तास लागला, पण चाललं. ब्राउझरमध्ये ४०४० पोर्टवर स्पार्कचं पान उघडतं हे मला माहीत नव्हतं. तिथे बघितलं तर एकच टास्क राबतोय आणि तीन कोअर रिकामे. असं का?

पर्वरी_पठार | शनिवार, संध्याकाळी ५.४४

मजकूर एकाच जीझिप (दाबून लहान केलेल्या) फाइलमध्ये आहे ना? जीझिप मधून उघडता येत नाही, पहिल्या बाइटपासूनच वाचावी लागते. त्यामुळे ती तोडून वाटता येत नाही. उलगडून ठेवा. साधी टेक्स्ट फाइल स्पार्क सेशन मूळ सेटिंगला १२८ एमबीच्या तुकड्यांनी वाचतो, म्हणजे १४ जीबीचे साधारण ११२ तुकडे.

डिचोलीचा_विद्यार्थी | शनिवार, रात्री ८.१५

उलगडल्यावर एका संगणकावर २४ मिनिटं! पण निकाल भलताच आहे. आधी शब्द तोडायला मोठा डब्ल्यूवाला रेगेक्स (अक्षरांचा साचा सांगायची खूण) वापरला होता, तेव्हा यादीत नुसते इंग्रजी शब्द आणि इंग्रजी अंक. मराठी शून्य. मग 'कुठल्याही लिपीतलं अक्षर' असा रेगेक्स दिला, तर यादीत सगळ्यात वर एकेकटी व्यंजनं. 'चवथ' मात्र व्यवस्थित सापडतो. 'माटोळी' कुठेच नाही. सर म्हणाले चवथ बाप्पाचीच म्हणून वाचली.

अनुस्वार | रविवार, सकाळी ९.००

मी म्हापशात मुद्रितशोधनाचं आणि अक्षरजुळणीचं काम करते. जावा मला जुजबीच येतं, पण हे दुखणं माझ्या रोजच्या ओळखीचं आहे.

जावाचा साधा डब्ल्यू फक्त इंग्रजी अक्षरं, इंग्रजी अंक आणि अधोरेषा ओळखतो. त्याच्या लेखी सगळी देवनागरी म्हणजे मोकळी जागा. दुसऱ्या वेळी तुम्ही 'अक्षर' म्हणालात, पण युनिकोडमध्ये काना, वेलांटी, मात्रा, हलंत, अनुस्वार ही अक्षरं नाहीत, त्या खुणा आहेत. म्हणून प्रत्येक खुणेशी शब्द तुटला. 'माटोळी'चे म, ट, ळ असे तीन तुकडे झाले. 'कुळागर'चे क, ळ आणि गर. 'चवथ'मध्ये एकही खूण नाही, म्हणून तो अखंड राहिला.

जावात युनिकोड कॅरेक्टर क्लास नावाचा फ्लॅग आहे, तो पॅटर्नला लावा. मग डब्ल्यूमध्ये खुणाही येतात आणि न दिसणारं जोडचिन्हही (झिरो विड्थ जॉइनर) येतं. ते जोडचिन्ह विसरू नका, कारण खरी गोम तिथेच आहे. 'दऱ्या' हा शब्द तीन तऱ्हांनी टाइप केलेला सापडतो. एकात ऱ हे एकच अक्षर असतं. दुसऱ्यात साधा र आणि त्याखाली नुक्ता. तिसऱ्यात साधा र, हलंत आणि मग झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारखे दिसतात, संगणकाला तीन वेगळे शब्द वाटतात. जावाच्या नॉर्मलायझरला एनएफसी (युनिकोडचं एक ठरलेलं रूप) सांगितलंत तर पहिले दोन एक होतात. तिसरा होत नाही. त्यासाठी 'र, हलंत, जॉइनर' दिसलं की 'ऱ, हलंत' घाला, असं हाताने लिहावं लागेल. सुऱ्या, वऱ्हाड, बिचाऱ्या, कोपऱ्यात, तऱ्हेवाईक, सगळे यात येतात. हे न करता यादी छापलीत तर या शब्दांचे आकडे तीन ठिकाणी विखुरलेले राहतील आणि तुम्हाला वाटेल ते कमी वापरात आहेत.

कुळागरसारख्या शब्दांखालची लाल रेघ मला रोज बघावी लागते. सर, ही यादी झाली की मला नक्की द्या.

कुळागर | रविवार, रात्री ९.२०

अनुस्वारताई, हे मी कुठल्याच मार्गदर्शिकेत वाचलं नव्हतं. आज दिवसभर बसून तिन्ही तऱ्हा एकत्र केल्या. दऱ्या एक झाल्या!

कुळागर | पुढचा शनिवार, दुपारी ३.१५

आज सहाही जोडले. ज्यांना पुढे हे करायचंय त्यांच्यासाठी सगळं लिहून ठेवतो.

माझ्या टेबलावरच्या संगणकावर मास्टर, पोर्ट ७०७७, आणि त्याचं पान ८०८० वर. सहा जुन्यांवर वर्कर, म्हणजे राबणारे. पहिला अर्धा दिवस वर्कर मास्टरला भेटेचनात. उबुंटू आपल्या होस्ट्स फाइलमध्ये स्वतःच्या नावासमोर १२७.०.१.१ लिहून ठेवतो, म्हणजे 'हा पत्ता माझा मलाच'. तोच पत्ता इतरांना सांगितला तर कोण कसा पोहोचणार? तिथे खरा पत्ता घातल्यावर सहाही हजर झाले. एक्झिक्युटरला न सांगता १ जीबीच मेमरी मिळते, ती ५ केली.

मजकूर माझ्या संगणकावरून शेअर केला आणि चालवलं. २१ मिनिटं! एकाला २४ आणि सहांना २१. मुलांचे चेहरे पडले. मग आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. आमचा स्विच (सगळ्या केबली जोडणारी पेटी) जुना, १०० मेगाबिटचा. म्हणजे सेकंदाला फार तर १२.५ एमबी. १४ जीबी त्यातून सरकायलाच १९ मिनिटं हवीत. सहा जण हात जोडून माझ्या एका केबलकडे बघत बसले होते. फळ्यावरचा तो भागाकार मुलीमुलांनी वहीत उतरवून घेतला, तेव्हा मला वाटलं की दिवस वाया गेला नाही.

उपाय अगदी साधा निघाला: बाहेरची डिस्क घेतली आणि एकेका संगणकाला लावून १४ जीबी त्याच्या डिस्कवर उतरवले, सहाही ठिकाणी फोल्डरचं नाव आणि रस्ता अगदी तोच. मग प्रत्येक जण आपल्याच डिस्कवरून वाचू लागला. ६ मिनिटं!

पण निकालाच्या फोल्डरमध्ये नुसती 'सक्सेस' नावाची रिकामी फाइल. आकडे गायब. कोणी सांगेल का?

पर्वरी_पठार | शनिवार, दुपारी ३.५०

अभिनंदन! प्रत्येक वर्करने आपला भाग आपल्याच डिस्कवर लिहिला, म्हणून तुमच्याकडे काही आलं नाही. मजकूर प्रत्येकाच्या डिस्कवर राहू द्या, निकाल मात्र शेअर केलेल्या फोल्डरमध्ये लिहा. तो लहान असतो, केबलला भार होत नाही. सगळी यादी कलेक्टने ड्रायव्हरकडे ओढू नका, त्याच्याकडेही मूळ सेटिंगला १ जीबीच असते.

डिचोलीचा_विद्यार्थी | बुधवार, रात्री १०.०५

आज लॅबमध्ये जे झालं ते लिहिल्याशिवाय झोप येणार नाही. दुपारी चाचणी चालू असताना जोराचा पाऊस आला आणि वीज गेली. चार संगणक यूपीएसवर होते, कोपऱ्यातले दोन नव्हते. ते दोन्ही काळे पडले. आम्हाला वाटलं, गेलं सगळं. पण ४०४० च्या पानावर दोन एक्झिक्युटर लाल झाले, काही टास्क पुन्हा रांगेत दिसले आणि उरलेल्या चौघांनी काम पुढे नेलं. ११ मिनिटं लागली. शनिवारची यादी आणि आजची यादी शब्दनशब्द ताडून बघितली, एकाही आकड्यात फरक नाही.

फक्त माझा ॲक्युम्युलेटर चुकला. तो मी फ्लॅटमॅपमध्ये वाढवत होतो. आज ओळी शनिवारपेक्षा लाखांनी जास्त!

पर्वरी_पठार | गुरुवार, सकाळी ६.५०

हे तुझ्या डोळ्यांसमोर घडलं याचा मला फार आनंद झाला. तुकडा कुठल्या तुकड्यापासून, कुठल्या पायरीने बनला याची वंशावळ स्पार्क जपतो. दोन संगणक गेले, त्यांच्याबरोबर त्यांच्या चिठ्ठ्या गेल्या. स्पार्कने वंशावळ बघितली आणि तेवढेच तुकडे चौघांकडून पुन्हा करून घेतले. पहिल्या वेळचं अर्धवट काम त्याने निकालात धरलंच नाही, म्हणून यादी बरोबर.

पण फ्लॅटमॅप पुन्हा चालला तेव्हा तुझा ॲक्युम्युलेटरही पुन्हा वाढला. प्रत्येक टास्कची भर एकदाच धरली जाईल ही हमी स्पार्क फक्त फोरईचसारख्या शेवटच्या कृतीत देतो, मधल्या पायऱ्यांत नाही. ही सूचना मी परवाच द्यायला हवी होती. ओळींचा आकडा खरा हवा असेल तर डेटासेटवर सरळ काउंट माग. ॲक्युम्युलेटर अंदाज घ्यायला ठेव.

आणि ड्रायव्हरचा संगणक यूपीएसवरच ठेवा. तो गेला तर वंशावळही जाते.

कुळागर | गुरुवार, रात्री ९.३०

ड्रायव्हर यूपीएसवरच आहे, तिथेच राहील. अनुस्वारताई, पाचपेक्षा जास्त वेळा आलेल्या शब्दांची यादी तयार आहे, पेनड्राइव्हवर घालून शनिवारी म्हापशाला येतो. माटोळी आहे, पाडेली आहे, कुळागर तर भरपूर वेळा. 'चवथ' आणि 'चतुर्थी' शेजारी ठेवून बघितले आणि मुलं बराच वेळ त्यावरच बोलत राहिली.

चवथीच्या सुट्टीआधी शब्दजोड्या मोजून बघायच्या म्हणतोय, कुठल्या शब्दापुढे कुठला येतो ते. त्यात वेगवेगळ्या जोड्या कितीतरी जास्त असतील, मग शफल मोठा होईल ना? पर्वरी_पठार, १०० मेगाबिटचा स्विच बदलून घेऊ की आधी आहे त्यावरच चालवून बघू?

पर्वरी_पठार | गुरुवार, रात्री ९.४८

आधी आहे त्यावर चालवा आणि ४०४० च्या पानावर प्रत्येक एक्झिक्युटरचा 'शफल रीड'चा रकाना बघा. त्यातला सगळ्यात मोठा आकडा एमबीत घेऊन १२.५ ने भागा, सेकंद मिळतील. जे उत्तर येईल ते घेऊन मुख्याध्यापकांकडे जा.